कोंबडा की कोंबडी?

पहिला खड्डा खणायला घेतला तेव्हा पहार वीतभर आत गेली आणि टण्‌कन वाजून मागे आली. वर मुरूम, खाली काळा पाषाण. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत टूलरूमला चौतीस वर्षं काढल्यामुळे लोखंड कशावर आपटलं हे मला कानानं कळतं, आणि हा आवाज मातीचा नव्हता. असाच दगड घडवून शिलाहारांच्या काळात अंबरनाथचं शिवमंदिर उभं राहिलं, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० मध्ये. त्या कारागिरांना ह्या दगडात देवदेवता दिसल्या. मला फक्त दीड फुटांचा खड्डा हवा होता.

जागा तीन गुंठे. बदलापूर पूर्वेला, खरवईच्या पुढे, डोंगर सुरू होतो तिथे. गच्चीवर गेलं की एका अंगाला चंदेरीचा सुळका दिसतो, दुसऱ्या अंगाला ताहुलीची धार. क्वार्टरच्या दोन खोल्यांत आयुष्य गेलेलं, म्हणून रिटायर झाल्यावर झाडं लावायचीच असा हट्ट होता. कुठली, ते ठरलं नव्हतं. नातेवाईक म्हणाले, बदलापूरला काय, पाणीच पाणी! आमच्या गावाविषयी बाहेरच्यांना एवढंच ठाऊक. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात उभी राहिली, हजाराच्या वर माणसं होड्यांतून काढावी लागली, ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. त्याच बदलापुरात एप्रिलला पारा चाळिशीच्या वर जातो आणि आमच्या भागात नळाला दिवसाआड पाणी येतं, ते दाखवायला कुणी कॅमेरा घेऊन येत नाही.

इथला पाऊस कमी नाही. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे माणदेशाच्या पाच-सहा पट. पण तो जूनमध्ये येतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघून जातो. नंतर आठ महिने थेंब नाही. डोंगराच्या पायथ्याची जमीन उताराची, माती पातळ. पडलेलं पाणी उल्हास नदीला जाऊन मिळतं आणि आम्ही कोरडे. चार महिने गळ्यापर्यंत पाणी आणि आठ महिने घसा कोरडा, असं दोन्ही सोसणारं झाड मला हवं होतं, आणि हे नर्सरीवाल्याला समजावून सांगणं फार अवघड जातं.

पुस्तकंही कामाला आली नाहीत. कमी पाण्याच्या बागेला अमेरिकेत ‘झेरिस्केप’ म्हणतात. डेन्व्हर शहराच्या पाणीखात्यानं १९८१ मध्ये हा शब्द काढला. मुलानं त्यावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणून दिलं. चित्रं सुंदर. पण त्यातल्या कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवर पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो; तोही पाऊस आमच्या एका जुलैइतका नाही. तिथलं झाड आमच्या आषाढात पाय सोडून बसेल. पुस्तक अजून कपाटात आहे, पाहुण्यांना चित्रं दाखवायला बरं पडतं.

आधी जे सगळे करतात तेच केलं. गुलाब लावले, ते मेमध्ये वाळले. हिरवळ लावली, तिला रोज पाणी घालताना हिचा चेहरा बघवेना, कारण तेच पाणी भरायला ती पहाटे उठत होती. बोगनवेल मात्र जगली. तिच्याशी माझं वैर नाही, पण ती दक्षिण अमेरिकेची. आमच्या बुलबुलाला तिच्यात खायला काही नाही, आणि मला नुसता रंग नको होता.

कल्पना आली ती स्टेशनाबाहेर. मे महिन्यात बदलापूर, वांगणी, नेरळ, कर्जत, कुठल्याही स्टेशनाच्या जिन्याखाली ठाकर आणि कातकरी बायका पाट्या घेऊन बसतात. पळसाच्या पानांचे द्रोण, त्यांत काळीभोर करवंदं, वर झाकायला एखादी हिरवी डहाळी. ‘डोंगरची काळी मैना’ ही आरोळी लहानपणापासून ऐकत आलो. द्रोण घेतला, एक तोंडात टाकलं, चिकानं ओठ चिकटले, आणि उगाच लक्षात आलं: ही फळं ऐन वैशाखातली आहेत. डोंगर जळून तांबडा झालाय, गवताची काडी हिरवी नाही, आणि ह्या झाडाला रसानं भरलेलं फळ धरायला पाणी मिळालं कुठून?

लावायचं तर करवंदच, हे तिथेच ठरलं.

आता फजितीची गोष्ट. एका नर्सरीत गेलो, करवंदाची रोपं मागितली. त्यानं दिली एकवीस. पानं जाड, चकचकीत, काटे दुबेळके, ‘हेच करवंद, साहेब, हायब्रीड’ म्हणाला. पुढं त्यातल्या एका वाचलेल्या रोपाला मोठं पांढरं फूल आणि लालभडक फळ आलं तेव्हा कळलं, तो दक्षिण आफ्रिकेचा चुलतभाऊ होता, नाताळ प्लम. कुंपणाला लावतात, फळही खातात. पण मला हवं होतं ते डोंगरावरचं, माझं.

बाकीची वीस का मेली, त्यात मात्र नर्सरीवाल्याचा काही दोष नव्हता. तो सगळा माझा. माणसं लावून पाषाणात दीड-दीड फुटांचे खड्डे फोडून घेतले, अगदी गोल, मापात. त्यांत काळी माती आणि शेणखत भरलं. जून २०१९ ला रोपं लावली, टेप धरून अंतरं मोजली. जुलैच्या त्या पावसात प्रत्येक खड्ड्याचा हौद झाला. खालचा दगड पाणी पिणार नाही, बाजूचा दगड सोडणार नाही, आणि वरून आकाश फाटलेलं. ऑगस्टमध्ये रोप हातानं धरलं की अलगद वर यायचं, मुळं काळी पडलेली, वास मारणारी. टूलरूममधल्या माणसानं वीस भांडी बनवली आणि एकाला भोक ठेवलं नाही! माझ्या जुन्या सुपरवायझरनं हे पाहिलं असतं तर सगळ्या शॉपला बोलावून दाखवलं असतं.

पुढच्या वर्षी लॉकडाऊन लागला. २०२० च्या मे महिन्यात लोकल बंद, स्टेशनाबाहेर शुकशुकाट. करवंदं विकणाऱ्यांतली एक म्हातारी ठाकरीण मग आमच्याच गल्लीत पाटी घेऊन येऊ लागली. तोंडाला पदर बांधलेला, फाटकाबाहेरून बोलायची. मी तिला रिकामे खड्डे दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली.

“ह्ये कशाला खनलंस?”

“करवंदांना.”

“डोंगराव कोन खड्डा खनतं? आनि पानी कोन घालतं?” मग पदराआडून हसत म्हणाली, “येवढं मोठं झालास, तुला कोनी सांगलं न्हाय?”

कोणी सांगितलं नव्हतं, हे खरं. त्या दिवशी तिच्याकडून सगळी पाटी घेतली. हिनं कच्ची निवडून लोणच्याला बाजूला काढली, पिकलेल्यांतली आम्ही दोघांनी खाल्ली आणि बिया मी ठेवल्या. एका फळात दोन-चार चपट्या बिया निघतात. त्या चाळणीत चोळून धुतल्या, गर काढला, सावलीत दोन दिवस वाळवल्या आणि लगेच पेरल्या. ‘लगेच’ महत्त्वाचं. करवंदाचं बी डाळीसारखं डब्यात भरून पुढच्या वर्षासाठी ठेवता येत नाही, त्याची उगवणशक्ती लवकर जाते. डोंगरावर तरी ते कुठे थांबतं? मेमध्ये फळ, जूनमध्ये पाऊस, मध्ये पाखराच्या पोटातला थोडा प्रवास.

दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना तळाशी भोकं पाडली (ह्या वेळी पाडली). अर्धी माती, अर्धा बारीक मुरूम. तीन आठवड्यांनी पहिला कोंब आला आणि वर्षभरात रोप जेमतेम वीतभर झालं. करवंदाला घाई नाही. वर वीतभर वाढतं तेव्हा खाली मुळाचं काम चाललेलं असतं. म्हणूनच डोंगरावरचं रोप उपटून आणण्याच्या फंदात कुणी पडू नये. एकतर राखीव जंगलातून काही काढून आणणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे. दुसरं, खडकाच्या फटीत गेलेलं मूळ आपल्या हाती अर्धंच लागतं आणि रोप आठवड्यात माना टाकतं.

जून २०२१ ला पहिल्या दोन पावसांनंतर लावणी केली. जुन्या खड्ड्यांची उताराकडची कड छिन्नीनं फोडली, पाणी वाहून जायला वाट करून दिली. काळी माती काढली, मुरूम आणि पालापाचोळा भरला, तोही जमिनीपेक्षा चार बोटं वर, उंचवटा करून. कुंपण करायचं म्हणून दोन रोपांत अडीच फूट अंतर ठेवलं. खत नाही. पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी तांब्याभर पाणी घातलं, बुडाशी वाळलेलं गवत पसरलं. दुसऱ्या उन्हाळ्यापासून काही नाही. खरंच काही नाही. मे महिन्यात सकाळी नळी हातात घेऊन त्यांच्यासमोर उभं राहायचं आणि घालायचं नाही, हे मला जड गेलं. हिला नाही.

ते जगतं कसं, हे जवळून बघितलं की थोडंफार समजतं. पान बोटांत धरा. लहान, चामड्यासारखं, वरून मेण फासल्यासारखं चकचकीत. पाणी बाहेर जाऊ द्यायचंच नाही असा बंदोबस्त. तोडलंत की देठातून पांढरा चीक येतो, म्हणून गुरं त्याच्या वाटेला फारशी जात नाहीत. शेळी अपवाद; शेळीला काट्यांचं आणि चिकाचं काही वाटत नाही, तरी जाळीच्या आतल्या भागापर्यंत तिचंही तोंड पोचत नाही.

ह्या चिकावरूनच त्याची भावकी ओळखायची. कण्हेर, तगर, चाफा, सदाफुली, कुडा, सप्तपर्णी, रस्त्याकडेची रुई, ही सगळी एकाच कुळातली. त्यातली बरीचशी विषारी. कण्हेरीची बी खाऊन माणसं मरतात आणि करवंद खाऊन पोरं मोठी होतात. एका घरात असे दोघं निघायचेच. करवंदाची जवळची भाऊबंदकी आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली आहे. ऑस्ट्रेलियातले आदिवासी अशाच एका जाळीची फळं खातात, तिथे त्याला काँकरबेरी म्हणतात. तिकडेही कोरडे माळ, तिकडेही काटे.

भावकीचा एक पाहुणा माझ्याकडे मागच्या पावसाळ्याअखेर उतरला होता. सकाळी बघतो तर एका फांदीची पानं साफ, नुसते काटे उरलेले. खाली हिरव्या लेंड्या. शोधायला पंधरा मिनिटं गेली, कारण तो पानांच्याच रंगाचा: बोटाएवढा जाडजूड सुरवंट, शेपटाकडे छोटं पिवळट शिंग, अंगावर पांढरे ठिपके. काडीनं डिवचलं तसं त्यानं डोकं आत ओढलं आणि मानेशी दोन निळे डोळे उघडले. खोटे डोळे, पण मी काडी टाकून मागे सरलो, हे कबूल करतो. पुढं कण्हेरीवर त्याचा भाऊबंद दिसला. त्याचा हिरवा-गुलाबी पतंग होतो, संगमरवरावर रंग ओघळल्यासारखा. फवारा मारला नाही. जाळीनं महिन्याभरात पानं परत आणली.

आग हा दुसरा पाहुणा, आणि तो दरवर्षी येतो. फेब्रुवारीपासून आमच्या डोंगरांवर वणवे लागतात. लागतात म्हणजे लावले जातात; कोणी गवत चांगलं येईल म्हणून, कोणी शिकारीला, कोणी नुसती विडी टाकून. रात्री मलंगगडाच्या बाजूला सोन्याची साखळी घातल्यासारखी रेघ दिसते, लांबून छान दिसते हाच त्यातला वाईटपणा. २०२३ मध्ये ती आमच्या बांधापर्यंत आली. आम्ही आणि शेजारी ओल्या पोत्यांनी झोडपत होतो, तरी मागच्या बाजूची सहा झुडपं काळी झाली. सोडून दिली होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक खुंटाच्या बुडातून तांबूस कोंब फुटले, एकाच्या जागी पाच-पाच. आता तिथली वई सगळ्यात दाट आहे.

फुलं जानेवारीअखेर येतात. कळी किंचित गुलाबी, उमललं की पांढरं, जुईच्या जवळचा वास. संध्याकाळी वास वाढतो. शेजारच्या नव्या बिल्डिंगमधल्या एक बाई विचारायला आल्या, जुई कुठे लावलीत? काटे दाखवले तर विश्वास ठेवेनात.

फळ धरायला चौथं वर्ष उजाडलं. त्या मे महिन्यात नातू आला होता, डोंबिवलीचा, वय सात. त्याला मी आमचा जुना खेळ शिकवला. करवंद घ्यायचं, दुसऱ्याला विचारायचं: कोंबडा की कोंबडी? मग चावायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. त्यानं दोन तास हाच उद्योग केला, जिभेवर चिकाचा थर बसला, आणि शेवटी हिशोब मांडून मला म्हणाला, “आजोबा, तुमच्या झाडावर कोंबडेच जास्त आहेत.” मी त्याचं कारण शोधलं नाही. काही झाडांची फळं आतून जास्त लाल असतात, एवढं बघून माहीत आहे.

खायचं म्हणाल तर पाऊस पडेपर्यंतच. पहिली सर आली की फळात पाणी भरतं, अळी पडते. कच्च्याचं लोणचं; हिची पद्धत मोहरी-हिंगाची, फळं चिरून, चीक धुऊन. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचं घर आहे. सिंधी. त्याचे आईवडील फाळणीनंतर तिथल्या लष्करी बराकीत आले, तेव्हा ते कल्याण कॅम्पच होतं, ऑगस्ट १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव पडलं. त्याच्या आईला मी कच्ची करवंदं नेऊन दिली. तिनं ती हिरव्या मिरच्यांबरोबर तेलात परतली, बडीशेप आणि मीठ टाकलं, दहा मिनिटांत भाजी. आमच्या घरात आता दोन्ही होतं, आणि लोणच्यापेक्षा ती भाजी मला जास्त आवडते, हे इथे लिहिलं तरी चालेल कारण ही मासिकं वाचत नाही.

कच्च्या फळात पेक्टिन भरपूर, त्यामुळे जेली छान धरते. आणि केकवरची, पानातली ती लालभडक ‘चेरी’? पुष्कळदा ते बी काढून पाकात मुरवलेलं, रंगवलेलं करवंदच असतं. त्यासाठी लागतं ते मोठ्या फळाचं, लागवडीचं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं ‘कोकण बोल्ड’ नावाची जात काढली आहे. ज्याला विक्रीसाठी बाग करायची त्यानं तिकडे चौकशी करावी. आमची रानातली फळं बारीक, पण चवीला मी त्यांच्याच बाजूनं.

छाटणी एकदाच, फळं संपल्यावर, पावसाच्या तोंडावर. फॅक्टरीतले वेल्डिंगचे चामडी हातमोजे जपून ठेवले होते ते इथे कामाला आले. साध्या मोज्यांतून काटा आरपार जातो. कापलेल्या फांद्या फेकायच्या नाहीत, नव्या रोपांभोवती टाकायच्या, मोकाट गुरं येत नाहीत. आता वई छातीपर्यंत आहे. तारेचं कुंपण काढून भंगारात दिलं. मधल्या रिकाम्या जागेत धायटीची दोन झुडपं लावली आहेत. आसव-अरिष्टं आंबवायला वैद्य हिचीच फुलं वापरतात, आणि फेब्रुवारीत सूर्यपक्षी त्या लाल फुलांना उलटे लोंबकळतात. तिलाही पाणी घालत नाही. पण तिची गोष्ट वेगळी आहे.

ह्या जूनमध्ये जाळीच्या आत, हात सहज पोचणार नाही अशा ठिकाणी, एक वेगळंच रोप दिसलं. पानं समोरासमोर, कोवळी तांबूस, चोळून वास घेतला तर जांभळाचा. वटवाघळानं टाकलं असणार. आमच्या बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळालंय, बाजारात त्याचा भाव विचारायची सोय राहिलेली नाही, आणि हे आमच्या कुंपणात फुकट उगवलेलं. जाळीच्या बाहेर असतं तर पहिल्याच महिन्यात गुरांनी खाल्लं असतं. काट्यांनी सांभाळलं म्हणून कमरेइतकं झालं. ही म्हणते, काढा, भिंतीपासून चार फुटांवर आहे, उद्या पाया फोडेल. मी म्हणतो, पायाखाली पाषाण आहे, मी पहार मारून बघितलीय. ती म्हणते, मूळ पहारीपेक्षा हुशार असतं. कुदळ आठवडाभर भिंतीला टेकवून ठेवली आहे.